धरण दिसलं, प्लॉट कुठाय?

रविवारी सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे निघालं की नांदेड फाटा ओलांडल्यावर दुतर्फा फलक सुरू होतात. 'बॅकवॉटर टच', 'सिंहगड व्ह्यू', 'हप्त्यावर एनए प्लॉट'. चौपाटीवर कणीस खाता खाता कुणीतरी फलकावरचा नंबर फिरवतो, जाता जाता साईट बघून येतो आणि सोमवारी दुपारी त्याच्या व्हॉट्सॲपवर व्हिडिओ येऊन पडतो. ड्रोन वर चढतो, धरणाचं पाणी चमकतं, मागे बासरी वाजते, शेवटी सोनेरी अक्षरांत 'स्वप्नपूर्ती'. त्या गृहस्थाने रविवारी एवढंच विचारलं होतं की मुख्य रस्त्यापासून प्लॉटपर्यंतचा रस्ता कागदावर किती फुटी आहे. त्याचं उत्तर त्या दीड मिनिटात कुठेच नाही. मग फोन येतो, "सर, व्हिडिओ बघितला का?" सर म्हणतात, "बघतो, सांगतो." पार्टी थंड पडली म्हणतात ती अशी.

व्हिडिओ पाठवू नये असं नाही. उलट घर, जमीन, सोलर, शेततळ्याचा कागद असल्या मोठ्या खरेदीत पहिल्या भेटीनंतर पाठवलेला छोटा व्हिडिओ फार कामाचा असतो. अडचण होते ती जाहिरातीचा व्हिडिओ आणि पाठपुराव्याचा व्हिडिओ एकच समजल्याने. जाहिरात हजार अनोळखी लोकांसाठी असते आणि तिला फक्त नजर वेधायची असते. पाठपुरावा एका ओळखीच्या माणसासाठी असतो. तो साईटवर येऊन गेलेला असतो, धरण त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आता त्याच्या डोक्यात राहिलेली असते ती शंका.

शिवाय तो एकटा नसतो. व्हिडिओ त्याच्याकडून बायकोला जातो, तिच्याकडून घरच्या ग्रुपवर. तिथे साताऱ्याचे वडील असतात, कॅनडातली बहीण असते आणि बहुतेक घरांत असतो तसा एक बँकेतला मेहुणा असतो. कागदपत्रांवर शेवटचा शब्द त्या मेहुण्याचा. यांच्यापैकी कुणी साईट पाहिलेली नाही, एजंटचा आवाजही ऐकलेला नाही. तेव्हा व्हिडिओतलं चित्र असं हवं की शेजारी समजावून सांगणारा कुणी नसताना साताऱ्यात बसलेल्या माणसाला ते कळलं पाहिजे.

चित्र आणि शब्द एकत्र आले की गोष्ट डोक्यात अधिक टिकते, याच्यामागे बराच अभ्यास आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात मांडलं की शब्द आणि प्रतिमा आपण दोन वेगळ्या वाटांनी मनात साठवतो. एक वाट बुजली तरी दुसरीने आठवण परत येते. पुढे कॅलिफोर्नियातले रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षं प्रयोग करून चित्रांनी शिकवण्याचे काही नियम काढले. त्यांतले चार इथे लागू पडतात. विषयाशी संबंध नसलेली सजावट, संगीत, किस्से काढून टाकले की लोकांना मूळ गोष्ट जास्त समजते. नाव ज्या वस्तूचं, त्या वस्तूच्या अगदी शेजारीच लिहिलेलं असावं. बोलणं आणि दाखवणं एकाच क्षणी व्हावं. आणि कुठे बघायचं ते बाण, रंग किंवा बोट दाखवून सांगावं. या चारही नियमांवर आपला सोमवारचा व्हिडिओ नापास होतो. बासरी आणि सोनेरी अक्षरं पहिल्या नियमातच गारद.

गंमत म्हणजे चित्राने समजावून देण्याची एक जुनी शाळा खडकवासल्यातच आहे, आणि तिच्या फाटकावरून हे सगळे फलकवाले रोज जातात. केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाळा, इंग्रजी आद्याक्षरांनी सीडब्ल्यूपीआरएस. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये ती सुरू केली. सर क्लॉड इंग्लिस यांच्या काळात तिचं नाव जगभर झालं. पुढे इंग्लंडने आपली स्वतःची जलसंशोधन संस्था काढली तेव्हा तिचे पहिले संचालक म्हणून याच इंग्लिसना नेमलं. इथे धरणं, नद्या, बंदरं यांच्या छोट्या प्रतिकृती बांधतात, त्यांतून खरं पाणी सोडतात आणि सांडव्यावरून ते कसं उसळेल, बंदरात गाळ कुठे साचेल ते पाहतात. करोडो रुपयांचा निर्णय घेणारे अधिकारी त्या प्रतिकृतीभोवती उभे राहून बघतात. विकणं हा तिथला हेतू नाही, पण समोरच्याची शंका फेडणं हा नक्की आहे.

या प्रतिकृतींची एक खुबी सांगण्यासारखी आहे. समजा नदी ५०० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे. तिची १:५०० ने प्रतिकृती केली तर रुंदी १ मीटर होईल, पण खोली उरेल फक्त ६ मिलिमीटर. एवढ्याशा पाण्याचा पापुद्रा नदीसारखा वागतच नाही. म्हणून अभियंते खोलीचं प्रमाण वेगळं घेतात, उदाहरणार्थ १:१००. मग पाणी ३ सेंटिमीटर खोल होतं आणि प्रवाह जरा खऱ्यासारखा चालतो. म्हणजे चित्र मुद्दाम ताणलेलं असतं. पण किती ताणलं, कोणत्या दिशेने ताणलं, याची नोंद त्याच्यासोबत असते. विक्रीच्या व्हिडिओतलं चित्रही ताणलेलं असतं. वाइड अँगलने दहा फुटांची खोली हॉल वाटते, लांब पल्ल्याच्या लेन्सने सिंहगड गॅलरीत येऊन बसतो. मात्र प्रमाण कुठेच लिहिलेलं नसतं. पाठपुराव्याच्या व्हिडिओत काय दाखवावं, या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे: ज्याला माप आणि तारीख आहे असं एक चित्र, आणि तेही समोरच्याने विचारलेल्या प्रश्नाचं.

रस्त्याचाच प्रश्न घ्या. त्याला उत्तर देणारा व्हिडिओ काढायला स्टुडिओ लागत नाही. मंजूर लेआउटचा कागद ए-थ्री आकारात प्रिंट करून टेबलावर पसरायचा. फोन वरून स्टँडला लावायचा, उजेड खिडकीचा. हातात लाल मार्कर. मग सुरुवात अशी: "नमस्कार काका, काल तुम्ही विचारलंत की गावच्या रस्त्यापासून आपल्या प्लॉटपर्यंत रस्ता किती. हा बघा गावरस्ता." मार्कर तिथे टेकतो. "इथून आत वळलो." रेघ वळते. "हा लेआउटमधला ९ मीटरचा, म्हणजे साडेएकोणतीस फुटी रस्ता. आणि हा तुमचा प्लॉट." गोल. रेघ ओढली जात असताना शब्द येतात, त्यामुळे साताऱ्याच्या वडिलांनाही वाट सापडते. यानंतर वीस सेकंद प्रत्यक्ष जागेवरचे. दोन पोरं टेपचं एकेक टोक धरून रस्त्याच्या दोन कडांना उभी आहेत, कॅमेरा टेपवरच्या आकड्याजवळ जातो. आकडा १२ फूट. कागदावर साडेएकोणतीस आणि जागेवर बारा, हे एजंटला लपवावंसं वाटतं. खरं तर तेच सांगायचं असतं. उरलेला रस्ता कुणाच्या जमिनीतून जातो, तो कधी रुंद व्हायचा आहे आणि कोण करणार आहे, हा पुढचा प्रश्न बँकेतला मेहुणा विचारणारच आहे.

कागद दाखवताना शिक्का कापायचा नाही. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावं ३० जून २०२१ ला आणखी वीस गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. त्याआधीच्या मंजुऱ्या वेगळ्या कार्यालयांच्या, नंतरच्या वेगळ्या, आणि काही कागद तर मंजुरीचे नुसतेच भास. तेव्हा नकाशा कुणी मंजूर केला आणि कोणत्या तारखेला, हे दिसेल एवढा शिक्का पडद्यावर मोठा करून पाच सेकंद स्थिर धरावा. उत्तर दिशेचा बाणही तसाच. पूर्वेचं दार हवं असणारी मंडळी व्हिडिओ पहिल्यांदा थांबवतात ती तिथेच. जागेवर फोनचा कंपास उघडून दाराच्या दिशेला धरला तर वास्तूवरची अर्धी चर्चा पुन्हा फोन न करताच संपते.

सातबाऱ्याचं चित्र दाखवण्यात तर कसब लागतं, आणि तिथेच चलाखीही चालते. उताऱ्याच्या डाव्या बाजूला भोगवटादाराचं नाव आणि क्षेत्र असतं, उजवीकडे 'कुळ, खंड व इतर अधिकार' हा रकाना. बोजा, कुळाचं नाव, वहिवाटीचा हक्क, न्यायालयाचा मनाई हुकूम, जे काही गळ्यात पडायचं असतं ते उजवीकडे. व्हिडिओत डावा अर्धाच झूम करून 'टायटल क्लिअर' असं लिहिलेलं मी अनेकदा पाहिलंय. पार्टीला उतारा दाखवायचा तर पूर्ण पान आधी, मग डावीकडचं नाव आणि क्षेत्र, मग उजवा रकाना सावकाश खालपर्यंत, आणि शेवटी 'प्रलंबित फेरफार' ही ओळ. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. महिन्याभरापूर्वीचा जुना प्रिंट दाखवण्याला काहीच कारण नाही. आणि एकाच उताऱ्यावर पंधरा-वीस नावं सामाईक असतील तर 'तुमचे दोन गुंठे' कुठून कुठे, हे चित्रात दाखवता येणारच नाही. दाखवता येत नाही, हीच माहिती. तुकडेबंदीच्या कायद्याचा सगळा घोळ त्या न दिसणाऱ्या रेघेत आहे.

नकाशावर रेघा कशा काढायच्या, हाही इमानाचाच भाग. खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी या मेट्रो मार्गाला राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, केंद्राची नोव्हेंबर २०२५ मध्ये आली. त्या दिवसापासून इथल्या झाडून सगळ्या व्हिडिओंत जांभळी किंवा लाल ठळक रेघ धावू लागली, वर पांढरी पळती गाडी. बघणाऱ्याला वाटतं पुढच्या दिवाळीत बसायचं. मंजूर पण न बांधलेली गोष्ट तुटक रेघेनं काढावी, चालू असलेली सलग रेघेनं, आणि नुसती बोलाचाली असलेली काढूच नये. 'स्वारगेट वीस मिनिटं' याचंही तसंच. सोमवारी सकाळी नऊ वाजता फोनवर नकाशा उघडून स्वारगेटपर्यंतचा रस्ता टाका, पडद्याचं रेकॉर्डिंग करा, वरच्या कोपऱ्यातली वेळ दिसू द्या. आकडा मोठा येईल. विश्वासही मोठा येईल.

खडकवासल्यात आणखी दोन रेघा दाखवल्याच पाहिजेत, निळी आणि लाल पूररेषा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी आणि निळ्या रेषेमधल्या पट्ट्यात बांधकामाला बंदी, निळ्या-लाल रेषांच्या मध्ये कडक बंधनं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासलाही. ते जुन्या पुणेकरांच्या घराघरांत अजून सांगितलं जातं. पण अलीकडचं सांगायचं तर २५ जुलै २०२४ ला धरणातून विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. त्यानंतर नदीकडेच्या सदनिकेची चौकशी करणारा प्रत्येक माणूस मनात हा प्रश्न घेऊनच येतो, तोंडाने विचारो न विचारो. त्याला 'रिव्हर व्ह्यू' दाखवण्यापेक्षा नकाशावर दोन रेषा आणि इमारतीचा चौकोन दाखवावा. चौकोन बाहेर असेल तर विषय संपला. आत असेल तर विषय संपायलाच हवा.

धरणाच्या वरच्या अंगाला प्रश्न उलटा. तिथे पाणी विकायचं असतं. खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून उपयुक्त साठा सुमारे २९.१५ टीएमसी, त्यात खुद्द खडकवासल्याचा वाटा दोनाच्याही आत, १.९७. खरा साठा वरसगाव आणि पानशेतमध्ये. वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, बाकी टेमघर. पुण्याला आणि कालव्यांना पाणी जातं ते खडकवासल्यातून, म्हणून वरची धरणं उन्हाळाभर खाली सोडत राहावी लागतात. याचा अर्थ असा की पानशेतच्या बॅकवॉटरला लागून असलेला प्लॉट सप्टेंबरात कुंपणाला पाणी दाखवतो आणि मे महिन्यात भेगाळलेला उतार. व्हिडिओ अर्थातच सप्टेंबरात काढलेला असतो. त्यावर तारीख नसते.

इथे सगळ्यात परिणामकारक दृश्य साधन म्हणजे एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो. एक गणपतीच्या सुमाराचा, एक वैशाखातला. दोन्हींत एकच खूण दिसली पाहिजे, एखादा खडक, विजेचा खांब, वडाचं झाड. त्यावर महिना आणि वर्ष. पडद्यावर वर-खाली लावले की सांगायला शब्द लागत नाहीत. विकणाऱ्याला भीती वाटते की मेचा फोटो बघून पार्टी पळेल. काही पळतात. पण सप्टेंबरात टोकन देऊन मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन आलेली पार्टी जे बोलते, त्याची आठवण ज्यांना आहे ते एजंट दोन फोटो पाठवतात.

पाण्याचाच दुसरा प्रश्न नळाचा. धरण समोर आणि दारात टँकर, हे या पट्ट्यातल्या अनेक सोसायट्यांचं रोजचं जगणं. त्यात जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले आणि विहिरीच्या, टाकीच्या, टँकरच्या पाण्याकडे सगळ्या शहराचं लक्ष गेलं. तेव्हापासून घर बघायला येणाऱ्या बायका स्वयंपाकघरातला ओटा बघण्याआधी पाणी कुठून येतं ते विचारतात. त्यांना चकचकीत नळाचा क्लोजअप पाठवणं म्हणजे प्रश्नच न कळणं. एका कागदावर चार चौकोन काढावेत: महापालिकेची लाईन, बोअर, टँकर, गाळणी. प्रत्येकातून टाकीकडे बाण. जो स्रोत चालू आहे त्याचा बाण भरीव, जो येणार आहे त्याचा तुटक. मग कॅमेरा घेऊन खरोखर गाळणीच्या खोलीत जावं, पाणी तपासणीचा शेवटचा अहवाल भिंतीवर लावलेला असेल तर त्यावरची तारीख दाखवावी. लावलेला नसेल तर व्हिडिओ काढण्याआधी तपासणी करून घ्यावी.

फ्लॅटच्या आतलं माप हा वेगळाच खेळ. 'बेडरूम १० बाय ११' हे ऐकून कुणालाच काही कळत नाही, कारण आकडा राहत्या घरात उतरवून बघायची सवय फार थोड्यांना असते. चौकटीच्या वहीचा कागद घ्या, एक चौकट म्हणजे एक फूट. १० बाय ११ चा आयत काढा. त्यात ६ बाय साडेसहाचा पलंग, वेगळ्या रंगाच्या कागदाचा कापून ठेवा. डोकं दहा फुटी बाजूच्या दिशेने लावलं तर पायथ्याशी साडेतीन फूट उरतात. तिथे दोन फूट खोलीचं कपाट ठेवलं की उरला दीड फूट. त्यात कपाटाचं दार धड उघडत नाही, म्हणजे सरकतं दार करावं लागेल. आता पलंग फिरवा, अकरा फुटी बाजूने. कपाट ठेवून अडीच फूट उरतात. बोटाने कागदी पलंग फिरवण्याचा हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कुठल्याही थ्रीडी वॉकथ्रूपेक्षा जास्त वेळा बघितला जातो, कारण तो बघताना नवरा-बायको घरात बसून आपलंच कपाट मोजायला लागतात. थ्रीडीत आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये फर्निचर नेहमीच्या मापापेक्षा आखूड बनवलेलं असू शकतं, हे आता गिऱ्हाइकालाही ठाऊक झालंय. हॉलमध्ये टेप टाकून पलंगाची लांबी मोजणारे लोक मी पाहिलेत.

पैशांचं चित्र मात्र एकाच वेळी सगळं पडद्यावर टाकू नये. कॉस्ट शीटचा फोटो काढून पाठवणं हा प्रकार सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी. कोऱ्या कागदावर एकेक ओळ लिहीत जावं. करारनामा ६० लाख. त्याखाली मुद्रांक शुल्क, पुण्यात सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, ३ लाख. बेरीज साडेसदुसष्ट. खरेदी बाईंच्या एकटीच्या नावावर असेल तर मुद्रांकात १ टक्का सूट, ती वेगळ्या रंगाने. हाताने आकडा लिहिला जाताना बघणाऱ्याला बेरीज स्वतः केल्यासारखी वाटते आणि सोसायटी, पार्किंग, मेंटेनन्सच्या नावाखाली पुढे काही जोडायचं असेल तर एजंटलाही तिथेच लिहावं लागतं.

आता ड्रोन. इथल्या विक्रेत्यांचं हे लाडकं खेळणं, पण जागा कोणती ते विसरून चालत नाही. एका अंगाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, गिरीनगरला संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था, शिवाय खुद्द धरण. ड्रोन नियम २०२१ नुसार लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि कुठे उडवता येतं ते डिजिटल स्कायच्या नकाशावर आधी पाहावं लागतं. 'दोन मिनिटांत उडवून उतरवतो' म्हणणारा पोरगा स्वस्तात मिळतो, नोटीस मात्र साईटच्या मालकाला येते. आणि एवढं करून ड्रोनचं दृश्य शंका फेडत नाही. दोनशे फुटांवरून सगळे प्लॉट सपाट दिसतात. डोंगरउतार कळायला जमिनीवर उभं राहून हातात पाण्याची पारदर्शक नळी घेतलेला गवंडी दाखवावा. प्लॉटच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची पातळी किती फुटांनी वेगळी येते, ते बघितलं की भरावाला किती ट्रक लागतील याचा अंदाज गावाकडच्या माणसाला लगेच येतो.

फोनची काही व्यवधानं आहेत, ती थोडक्यात. व्हिडिओ उभा काढावा, कारण बघणारा फोन आडवा करत नाही. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यात सातबाऱ्यावरची बारीक अक्षरं धुरकट होतात. म्हणून कागद दाखवायचा असेल तर तो जवळून, एका वेळी दोन-तीन ओळीच, आणि मूळ कागद डॉक्युमेंट म्हणून वेगळा पाठवावा. बरेच लोक आवाज बंद करून बघतात, ऑफिसात किंवा पीएमपी बसमध्ये. मेयरचे नियम सांगतात की बोललेलं सगळं शब्दशः पडद्यावर लिहू नका, पण ते आवाज ऐकणाऱ्यासाठी. मधला मार्ग असा की फक्त आकडे आणि नावं लिहावीत: '९ मीटर', 'गट नंबर', 'मे'. वाक्यं नकोत. अक्षर एवढं मोठं की चष्मा काढलेल्या वडिलांना वाचता यावं. एक शंका, एक व्हिडिओ. तीन शंका असतील तर तीन पाठवावेत, कारण ग्रुपवर जाताना पाण्याचा आईकडे जातो, कागदाचा मेहुण्याकडे.

हे सगळं खासगीत पाठवलंय, एकट्यालाच पाठवलंय, म्हणून त्याला जाहिरात म्हणता येणार नाही, अशी समजूत या धंद्यात पक्की आहे. रेरा कायदा २०१६ चा, आणि त्यात जाहिरातीची व्याख्या बरीच रुंद आहे. कुठल्याही माध्यमातून, कुठल्याही स्वरूपात प्रकल्पाची माहिती देऊन विक्रीचं आवाहन केलं की ते तिच्यात बसतं. कलम १२ त्याहून पुढे जातं. जाहिरातीतल्या किंवा नमुना घरातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं तर प्रवर्तकाने भरपाई द्यायची, आणि गिऱ्हाईक बाहेर पडायचं म्हणालं तर रक्कम व्याजासह परत करायची. सलग रेघेची मेट्रो, कापलेला उजवा रकाना, सप्टेंबरातलं पाणी, हे सगळं व्हॉट्सॲपवर तारखेसकट जपून राहतं. विक्रेत्याने व्हिडिओवर तारीख टाकली नाही तरी फोन टाकतो.

नोंदणी क्रमांकाचंही तेच. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त घरं-प्लॉटचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकायला काढता येत नाही, त्याची जाहिरातही करता येत नाही. पाचशे चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांहूनही जरा कमी. तेव्हा फाट्यावरचा बहुतेक कोणताही लेआउट त्यात येतो. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. व्हिडिओत तो शेवटच्या अर्ध्या सेकंदात चमकून जातो, आणि ज्या फोनवर व्हिडिओ चालू आहे त्याच फोनने तो स्कॅन तरी कसा करणार? म्हणून कोडसोबत नोंदणी क्रमांक टाईप करून मेसेजमध्ये पाठवावा, लिंक द्यावी, आणि व्हिडिओत स्वतः महारेराच्या साईटवर जाऊन मंजूर नकाशा कुठे उघडतो ते पडद्यावर बोट ठेवून दाखवावं. तिथला नकाशा आणि टेबलावरचा नकाशा एकच आहे, हे पार्टीने स्वतः पडताळलेलं केव्हाही चांगलं.

उरला प्रश्न उत्तर वाईट असेल तेव्हाचा. रस्ता खरंच बाराच फुटी आहे आणि रुंद होण्याचा कागद नाही, प्लॉट लाल रेषेच्या आत येतो, पाणी बाराही महिने टँकरचं. अशा वेळी बरेच जण बासरीवाला व्हिडिओ पाठवून मोकळे होतात. त्यापेक्षा तो बारा फुटांचा टेपच दाखवावा आणि म्हणावं, "काका, हे असं आहे, म्हणून भाव खालचा आहे. चालत असेल तर या, नाहीतर किरकटवाडीत दुसरी जागा आहे तिचा नकाशा पाठवतो." काका त्या जागेला नाही म्हणतात, एजंटचा पुढचा रविवार वाचतो, आणि दुसऱ्या जागेच्या नकाशावर मात्र मेहुणा त्याच दिवशी रात्री फोन करून गट नंबर विचारतो.